नऊ नंबरचं कापड

आमच्या हॉलमध्ये एकेकाळी विमानाचा पंख होता, असं मी सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग ह्यांच्याकडे बघतात. हे मान डोलवतात तेव्हा कुठे त्यांचा विश्वास बसतो. इतकी वर्षं संसार करूनही माझ्या शब्दाला ह्यांच्या मानेची साक्ष लागते, ह्याचा मला राग येतो. पण ते असो.

हॉल सौदीतल्या अल-खोबरचा. हे एका कंत्राटदाराकडे इंजिनियर होते, आमची मुलगी नुकती चालायला लागली होती, आणि आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहायचो. तळमजल्यावर एक म्हातारे अमेरिकन गृहस्थ होते. तेलकंपनीत पंपांचे मेकॅनिक. कंपनीच्या कंपाउंडमध्ये चांगला बंगला मिळत असताना हे गृहस्थ आमच्यासारख्यांच्या बिल्डिंगमध्ये का राहतात, ह्यावर बायकांत बरीच चर्चा व्हायची. कुणी म्हणे दारू गाळतात, कुणी म्हणे कंपनीशी भांडण आहे. खरं कारण त्यांच्या गॅरेजमध्ये होतं. तिथे ते विमान बनवत होते, आणि कंपाउंडमध्ये रंगाच्या वासाबद्दल शेजारी तक्रार करत.

खेळण्यातलं नव्हे, खरं विमान. एक माणूस जेमतेम मावेल एवढं, लाकडाच्या पट्ट्यांचं, पंखांवर कापड ताणून बसवायचं. उडवायचं इथे नव्हतंच. सुटं करून खोक्यात भरून बोटीने त्यांच्या गावी पाठवायचं होतं.

माझ्या मुलीने त्यांना "आबा" हाक मारायला सुरुवात केली. तिच्या आजोबांना ती फोनवर आबा म्हणायची, आणि पांढऱ्या केसांचा जो दिसेल तो तिचा आबाच. ह्या आबांनी मात्र ती हाक मनावर घेतली. पुढे सगळी बिल्डिंग त्यांना आबा म्हणायला लागली, मल्याळी कुटुंबंसुद्धा.

आबा कोण होते हे आम्हाला हळूहळू कळलं. दुसरं महायुद्ध संपल्यावर त्यांच्याकडे काही पोरांनी घरच्या घरी अशी छोटी विमानं बांधून त्यांच्या शर्यती सुरू केल्या. मैदानात उंच खांब रोवायचे आणि त्यांना वळसे घालत, झाडांच्या शेंड्यांएवढ्या उंचीवरून विमानं पळवायची. तोवर विमानांच्या शर्यती म्हणजे पैसेवाल्यांचं काम. ह्या पोरांनी नियमच असा केला, की इंजिन लहान हवं आणि विमान स्वतःच्या हातांनी बांधलेलं हवं. आबा त्या पहिल्या पोरांपैकी. त्यांच्या पहिल्या विमानाचा नंबर नऊ होता. भिंतीवर त्याचा फोटो होता, त्यात आबा इतके काटकुळे की मी म्हटलं, "ह्यांना कुणी जेवायला घालत नव्हतं का?" ते म्हणाले, "जेवलो असतो तर विमान जड झालं असतं." फोटोत त्यांच्या खांद्यावर हात टाकून एक मित्र उभा होता. तो त्याच वर्षी खांबाचं वळण घेताना गेला. हे सांगून आबा बराच वेळ हातोडी पुसत बसले.

त्या शर्यतीत वळण नेहमी डावीकडेच. त्यामुळे आबांची मान किंचित डावीकडे झुकलेली असायची. पार्किंगमध्ये मुलांना ते दोन खांबांभोवती पळायला लावत, खांब डाव्या हाताला ठेवून. मी म्हटलं, आम्ही देवाला प्रदक्षिणा घालतो ती उजवी, हे काहीतरी उलटंच. शेजारच्या भाभी रायगडकडच्या, तळा गावच्या. त्या लगेच म्हणाल्या, "उलटं कसं गं? आमचा तवाफ असाच असतो, काबा डाव्या हाताला." आबांना आम्ही दोघींनी हे सगळं मोडक्यातोडक्या इंग्रजीत समजावलं. ते इतके खूश झाले की पुढच्या शुक्रवारी त्यांनी मुलांना एक फेरी डावी आणि एक उजवी अशी पळवली, आणि पोरं एकमेकांवर आपटली.

पंख वर आला तो माझ्या शिलाई मशीनमुळे. मी बिल्डिंगमधल्या बायकांचे ब्लाउज शिवायची, आणि मशीनचा आवाज खाली ऐकू जायचा. आबांनी ह्यांना विचारलं, तुमची बायको हाताने शिवते का? ह्यांनी परस्पर सांगून टाकलं, "तिची आई गोधड्या शिवते, तीही शिवते." नवऱ्यांना बायकोच्या हुशारीचा अभिमान असतो तो असा, काम अंगावर घेताना. पण परक्या पुरुषाच्या गॅरेजमध्ये जाऊन बाईने शिवत बसणं त्या मुलखात शक्यच नव्हतं. उगाच कुणी पाहिलं असतं तर ह्यांचा इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, धोक्यात. म्हणून मग पंखच माझ्याकडे आला. जिन्याच्या वळणावर तो अडकला, भाभींचा मुलगा, हे आणि आबा असे तिघे घामाघूम झाले, आणि शेवटी सोफा बाहेर गॅलरीत टाकून पंख हॉलमध्ये आला. आधी डावा. तो झाल्यावर उजवा.

काम असं होतं. पंखाच्या आत लाकडी फासळ्या. वरून खालून कापड चढवायचं आणि ते प्रत्येक फासळीला टाचायचं, नाहीतर वेगात कापड फुगून निघून येतं. सुई हातभर लांब, पोती शिवायच्या दाभणाची थोरली बहीण. दोऱ्याला मेण. एकाने ह्या बाजूने सुई घालायची, दुसऱ्याने पलीकडून ओढून परत पाठवायची. पंख उभा करून मी एका बाजूला बसायची आणि हे दुसऱ्या. मध्ये कापड, त्यामुळे एकमेकांचं तोंड दिसायचं नाही.

"अहो, खाली आली सुई, जरा वर घाला."

"वरच आहे. तुझीच तिरकी आहे."

"माझी कधी तिरकी नसते."

"ते मला माहीतच आहे."

आबा स्टुलावर बसून गाठी तपासायचे. एक गाठ सैल वाटली की ते नुसतं नख लावून दाखवायचे. मग मी ती उसवायची. आईनेसुद्धा माझं शिवण इतकं उसवलं नव्हतं. पण एकदा जमलं आणि हात बसला, तेव्हा त्यांनी कापडावर बोटाने टिचकी मारली आणि मान हलवली. तेवढ्यावर मी आठवडाभर खूश होते.

डाव्या पंखाच्या वेळी मी एक घोळ घातला. आमच्याकडे गोधडी पुरी करताना शेवटची शिवण मारायच्या आधी आत पोळीचा तुकडा घालतात. घास म्हणतात त्याला. गोधडीचं पोट रिकामं ठेवायचं नाही, ती उपाशी राहिली तर पांघरणाऱ्याला ऊब कुठून देणार. पंखाची शेवटची शिवण आली आणि मी काही विचार न करता सकाळच्या पोळीचा तुकडा आत सरकवला. तूप लावलेल्या पोळीचा. दोन दिवसांनी हॉलमध्ये मुंग्यांची ओळ. सोफ्यावरून नाही, स्वयंपाकघरातून नाही, थेट पंखाच्या टोकात. आबांनी कोपरा उसवला, बोटाने तुकडा बाहेर काढला आणि माझ्याकडे पाहिलं. हे म्हणाले, "आता तूच सांग."

मी सांगितलं. मला वाटलं, गेलं आता, हा माणूस खिळ्याचंसुद्धा वजन करतो. आबा मात्र गंभीरपणे विचार करत राहिले. मग म्हणाले, पोट रिकामं नको हे बरोबर आहे, पण शर्यतीच्या विमानाने कमी खावं. किती चालेल? मी म्हटलं, तांदळाचा एक दाणा. ते म्हणाले, एक. मग मी डाव्यात एक दाणा घातला आणि पुढे उजव्यातही एक.

वरून त्या कापडाला एक लॅकर द्यायचे. मी त्याला खळच म्हणायची, कारण खळ दिल्यासारखं कापड कडक व्हायचं आणि ताणून ढोलकीसारखं बसायचं. त्यातून हवासुद्धा आरपार जायची नाही. वास नेलपॉलिशचा, सगळ्या घरभर. माझी मुलगी त्या वासात जेवायची, झोपायची. शेवटी आबांनी दोन्ही पंखांवर लाल रंगाने नऊ काढला.

आबांना हे विमान लवकर पुरं करायची घाई होती, ती का ते आता सांगते, कारण सगळं त्यावरच आहे. त्यांचं हृदय दुखणाईत होतं. डॉक्टरांनी विमान उडवायचा परवाना पुढच्या उन्हाळ्याच्या अखेरीपर्यंत दिला होता, आणि त्यानंतर मिळणार नाही हेही तोंडावर सांगितलं होतं. त्याच उन्हाळ्यात त्यांच्या गावाजवळच्या मैदानात शर्यत होती, जिथे ती पोरं पहिल्यांदा उडाली त्याच मैदानात. आबांना एकदाच, स्वतः बांधलेल्या नऊ नंबरमधून, त्या खांबांना वळसे घालायचे होते. जिंकायची त्यांना पर्वा नव्हती. "शेवटचा आलो तरी चालेल," ते म्हणायचे, "पण त्या खांबाला वळसा घालायचाय." कुठल्या खांबाला, ते मी विचारलं नाही.

मग इराकने कुवेत घेतलं. कुवेतहून गाड्यांच्या टपांवर गाद्या बांधून माणसं खोबरमध्ये यायला लागली. विमानतळाकडे रात्रंदिवस सैन्याची विमानं उतरत. अमेरिकन बायकामुलं मायदेशी निघून गेली. आबांनाही जायला सांगितलं होतं. पण दम्मामच्या बंदरात सैन्याचं सामान एवढं, की आबांच्या खोक्याला बोट मिळेना. खोकं गेल्याशिवाय मी जाणार नाही, म्हणाले. दोन्ही पंख तयार, गॅरेजमध्ये वाळू येते म्हणून आमच्याच हॉलमध्ये, जुन्या चादरी गुंडाळून भिंतीला टेकवलेले. शेवटी जानेवारीअखेरची बोट नक्की झाली.

आम्ही का गेलो नाही, असं मला नाशिकला अजून विचारतात. ह्यांचा पासपोर्ट कफीलकडे, म्हणजे ज्याच्या व्हिसावर आम्ही होतो त्या सौदी मालकाकडे. कफील म्हणायचा, काही होत नाही, आणि होऊ लागलं तर बघू. बघू म्हणता म्हणता विमानं बंद झाली.

कुवेत सोडायला इराकला दिलेली मुदत संपायला आली तेव्हा सगळ्यांच्या तोंडी एकच गोष्ट होती, गॅस. इराक विषारी गॅसची क्षेपणास्त्रं टाकणार. तेलकंपनीने आपल्या लोकांना मुखवटे वाटले. आमच्या कंत्राटदाराकडे मुखवटे नव्हते. एक खोली हवाबंद करा, असं सांगायचे. दुकानांत चिकटपट्टी संपली, प्लॅस्टिक संपलं. ह्यांनी अर्धा दिवस फिरून कचऱ्याच्या पिशव्यांचं एक पुडकं आणलं, आणि त्या पिशव्या इतक्या पातळ की फुंकरीने फाटायच्या. आमच्या बेडरूमची सरकती खिडकी कधी नीट बसलीच नव्हती, आणि तिच्याखाली भिंतीला भोक पाडून एसी बसवलेला. चहूबाजूंनी वारा. मी ओल्या चादरी लावून बघितल्या, त्यातून उजेडसुद्धा यायचा. मी त्या दिवशी मुलीला कडेवर घेऊन नुसती खोलीतून फिरत होते. इतकी भीती मला आधी कधी वाटली नव्हती, पुढेही नाही.

दुपारी आबा वर आले. हातात त्यांचा मुखवटा. म्हणाले, हा घ्या. एक मुखवटा आणि आम्ही तिघं. आबांनी तो मुलीच्या तोंडाला लावून पाहिला, तर तिचं अख्खं डोकं त्यात बुडालं. ती हसायला लागली, तिला तो खेळ वाटला. आबांनी मुखवटा काढला. खिडकीकडे पाहिलं, एसीकडे पाहिलं. मग हॉलमध्ये जाऊन त्यांनी पंखावरची चादर ओढली.

मला लगेच कळलं. मी ओरडले, "नको! आबा, नको!" मराठीतच ओरडले.

त्यांनी खिशातून सुरी काढली होती. म्हणाले, ह्यातून हवा जात नाही, हे तुला माहीत आहे.

हे म्हणाले, "सर, प्लीज, आम्ही दुसरं काहीतरी करू. बोट आठ-दहा दिवसांवर आलीये." आबा म्हणाले, दुसरं काय करणार ते सांग. आमच्याकडे दुसरं काही असतं तर मी त्यांना हात लावू दिला नसता, हे मी आजही शपथेवर सांगेन. पण कडेवर माझी मुलगी होती.

आबांनी सुरी मला दिली. "गाठी तुझ्या आहेत," ते म्हणाले, "कुठे आहेत ते तुलाच माहीत."

मग आम्ही बसलो, मी एका बाजूला, हे दुसऱ्या, मध्ये पंख. ज्या गाठी मी उसवून उसवून पक्क्या केल्या होत्या त्या एकेक कापल्या. कापड सैल झालं की पलीकडचं ह्यांचं तोंड दिसायचं. हे रडत होते. एकदा कापलेलं ते कापड पुन्हा पंखावर चढत नाही, हे तिघांनाही माहीत होतं. शेवटच्या शिवणीतून तांदळाचा दाणा पडला. आबांनी वाकून तो उचलला. उजव्या पंखातलाही जपून काढला.

खिडकी, एसी, दाराच्या फटी. आबांनी कापड लावून कडांना लॅकर फासला, वरून त्यांच्याकडची रंगकामाची पट्टी. शेवटचा कोपरा राहिला तेव्हा त्यांनी मला जवळ बोलावलं, एक दाणा माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाले, "ह्या खोलीचंही पोट रिकामं नको." मी तो दाणा पट्टीखाली दाबला. मुलीच्या पलंगाच्या वर, खिडकीभर, लाल नऊ आडवा पडला होता.

पुढचे सगळे दिवस आम्ही त्या खोलीत काढले. भोंगा वाजला की आत. लांब कुठेतरी धडाका व्हायचा, काचा थरथरायच्या, भाभी आणि त्यांचा मुलगाही आमच्यातच येऊन बसायचे. भाभी दुआ म्हणायच्या, मी रामरक्षा. मुलगी त्या नेलपॉलिशच्या वासात गाढ झोपायची. क्षेपणास्त्रं आली, माणसं मेली, आमच्यापासून फार लांब नाहीत अशी मेली. पण गॅस आला नाही. एकदाही आला नाही.

लढाई संपली आणि कुवेतच्या विहिरींचा धूर आमच्या आकाशात आला. वाळत घातलेले कपडे काळे. समुद्रात तेल सांडलेलं. पंपांच्या कामाला माणसं हवी म्हणून आबांच्या रजा बंद झाल्या. मी त्यांच्या मागे लागले, नवं कापड मागवा, मी हातावेगळं करते, जेवणसुद्धा बाजूला ठेवते. ते म्हणायचे, "बघू." कफीलची ही सवय आबांना कधी लागली कोण जाणे. उन्हाळा गेला. शर्यत झाली. परवाना संपला. त्या दिवशी मी मुद्दाम खाली पिठलं-भाकरी पाठवली. डबा धुऊन परत आला, आत एक चॉकलेट.

थंडीच्या तोंडाला आबा निघाले. उघड्या फासळ्यांचे पंख खोक्यात गेले. मी त्यांच्या हातावर दही-साखर ठेवली आणि म्हटलं, "या." आम्ही जाणाऱ्याला जा म्हणत नाही, हे त्यांना तोवर माहीत झालं होतं. ते मराठीत म्हणाले, "येतो."

आले नाहीत. कार्डं यायची, नाताळला. मग आम्हीही नाशिकला परतलो. खिडकीवरचं कापड मी सोलून काढलं होतं, घडी घालून बॅगेत, बॅग माळ्यावर. टाकवत नव्हतं आणि बघवतही नव्हतं.

फोन आला तेव्हा मुलगी कॉलेजात शिकत होती. आबांची लेक बोलत होती. बाबा गेले, म्हणाली, झोपेत गेले. विमान त्यांच्या शेडमध्ये छताला टांगलेलं आहे, नुसता सांगाडा. गावातली शर्यतवाली तरुण मुलं येऊन सारखी म्हणायची, आम्ही कापड चढवून देतो, फुकट देतो, निदान बघायला तरी पुरं दिसेल. बाबा कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. म्हणायचे, त्याचं कापड आहे, पण ते सध्या वापरात आहे.

मग ती म्हणाली, "आम्हाला वाटायचं, त्यांचं डोकं चालत नाही आता. तुम्हाला काही माहीत आहे का? खरंच कुठे आहे का ते?"

"आहे," मी म्हटलं. "वापरात आहे."

फोन ठेवून मी तिथेच बसले. मुलगी नखं रंगवत होती, घरभर तो वास. तिने विचारलं, "कोण गेलं, मम्मी?" मी म्हटलं, "आबा." तिला वाटलं तिचे आजोबा, आणि ती घाबरून उठली. मी म्हटलं, ते नाही, दुसरे. खोबरचे. तिने खूप आठवायचा प्रयत्न केला, पण तिला काहीही आठवलं नाही, खिडकी नाही, नऊ नाही, पांढरे केस नाहीत.

मी तिला स्टूल धरायला सांगितलं आणि माळ्यावर चढले.